ओब्दुलियाचे डोळे कशाने गेले

आमच्या हुचितान गावात कुणाच्या अंगावरचं भरतकामाचं मखमल कुणाच्या हातचं आहे, ते लांबूनच कळतं. ओब्दुलियाचं काम तर पाठमोऱ्या बाईवरूनही ओळखू यायचं. तिच्या गुलाबाची पाकळी कडेला गडद असायची आणि आत जाताजाता इतकी निवळत जायची की रंग नेमका कुठे बदलला, ते बोट ठेवून सांगता येत नसे. एका पाकळीत किती लाल घातलेस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मोजत बसले तर टाके कोण घालणार, तुझा नवरा?"

समोरच्या ओसरीत ती बसलेली असायची. दोन खुर्च्यांवर आडवी टाकलेली लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं मखमल, बाजूला झोपाळा आणि पायाशी कोल्ड्रिंकची मोठी बाटली. येईल त्याला पेला भरून द्यायची. नको म्हणणाऱ्याकडे अशी बघायची, की माणूस गुपचूप पिऊन टाके. आमच्या घरी साखर नव्हती कुणाला, म्हणून आम्ही बिनघोर प्यायचो. तिच्या घरी होती. तरी तीही प्यायची.

साखर हा आजार तिच्या घरात भाडेकरूसारखा राहिलेला. आधी आई, मग थोरली बहीण फेलिसितास. फेलिसितासला ईस्टरच्या आधी दवाखान्यातून इन्सुलिन सुरू केलं आणि नोव्हेंबरात मेलेल्यांच्या सणाला तिला स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोवर फुलांचा हार घालता आला नाही. हार भिंतीलाच अडकवत राहिली. ते सगळ्या गल्लीने पाहिलं. त्याआधी पलीकडच्या कुंभारणीचं तसंच झालं होतं, त्याच्याही आधी रिक्षावाल्या सेनोबियोच्या बापाचं. गल्लीने निकाल देऊन टाकला होता: गोळ्यांपर्यंत ठीक आहे, सुई लागली की डोळे जातात.

ओब्दुलियाला स्वतःची साखर कळली ती भूकंपानंतर. घराची मागची भिंत पडली तेव्हा ती तिथून नुकतीच पुढे आली होती. ती सांगायची, धसक्याने माझं रक्त गोड झालं. त्यावर उपायही रीतसर केला. धसका उतरवणाऱ्या म्हातारीला बोलावून अंगावरून तुळशीसारख्या पाल्याची जुडी फिरवली, तोंडावर दारूचा फवारा मारून घेतला, पडक्या भिंतीशी जाऊन स्वतःच्या नावाने हाका मारून धसक्याने निघून गेलेला जीव परत बोलावला. बरं वाटलं. दवाखान्याने दिलेल्या गोळ्याही होत्या, पण त्या ती बरं नसेल तेव्हा घ्यायची. बरं असताना गोळी कशाला, हा तिचा सवाल होता. साखर दुखत नाही. दुखलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं. सकाळी ती निवडुंगाचा हिरवा रस गाळून प्यायची आणि त्या कडूपणावर दिवसभराचं गोड माफ करून घ्यायची.

क्रेसेन्सिया तिची मैत्रीण. दवाखान्यात नर्स. यादिराच्या, म्हणजे ओब्दुलियाच्या लेकीच्या, बाप्तिस्म्याला तिनेच पोर हातात धरली होती, म्हणून यादिरा तिला माय म्हणते आणि या दोघी एकमेकींना कोमाद्रे. एका दुपारी क्रेसेन्सिया ओसरीत बसली होती, मीही होते. ओब्दुलिया पिवळ्या मखमलावरून नखाने काहीतरी खरवडत होती. पुन्हा पुन्हा. शेवटी चिडून म्हणाली, "हा काळा धागा कुठून आला मेला, निघतच नाही."

मी वाकून पाहिलं. मखमल स्वच्छ होतं.

क्रेसेन्सियाने तिचा हात धरला आणि तिला वर आभाळाकडे बघायला लावलं. विचारलं, आता आहे का धागा? ओब्दुलिया बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तिथेही आलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथली डॉक्टर नुकतीच कॉलेजातून निघालेली पोरगी होती, इत्सेल नावाची. तिने साखर तपासली, पायाच्या तळव्याला बारीक तार टोचून कळतंय का विचारलं. ओब्दुलियाला कळत नव्हतं आणि ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून ती अंदाजाने हो हो म्हणत राहिली, तार नसतानाही. मग इत्सेलने समजावलं. डोळ्यांच्या आत केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की त्या कुजतात, फुटतात, आणि तो धागा म्हणजे तिथलं रक्त आहे. गोळ्या आता पुऱ्या पडत नाहीत. इन्सुलिन घ्यायला हवं, आणि मोठ्या शहरात जाऊन डोळ्यांवर लेसर करून घ्यायला हवं, लवकरात लवकर.

"माझ्या बहिणीला तुम्हीच दिलं होतं ते," ओब्दुलिया म्हणाली.

"तिला फार उशिरा दिलं, ओब्दुलियाबाई. डोळे आधीच गेल्यात जमा होते. हे बघा, पाद्री ज्या घरी मरणाऱ्याला शेवटचं तेल लावायला जातो, त्या घरात माणूस मरतंच. म्हणून काय पाद्र्याने मारलं?"

"आमचा पाद्री पाहिला नाहीस तू अजून, पोरी."

इत्सेल हसली, क्रेसेन्सिया हसली, मीही हसले. ओब्दुलिया त्या हसण्यातच उठली आणि बाहेर पडली.

वर्ष गेलं. ती लेसरला गेली नाही. शहराची बस पहाटे निघते आणि मे महिन्याच्या उत्सवाची कामं डोक्यावर होती. धागे वाढत गेले. ती मान तिरकी करून त्यांच्या बाजूने बघायला शिकली होती. गुलाबात लाल आणि शेंदरी शेजारी शेजारी पडू लागले. गिऱ्हाइकं पुढच्या खेपेला दुसरीकडे गेली. तिने ते ओळखलं. त्याच दिवसांत एकदा क्रेसेन्सियाने ओसरीचं दार आतून लावलं आणि आमच्यासमोर ब्लाउज वर केला. पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक निळे ठिपके होते.

"पाच वर्षं झाली," ती म्हणाली. "रोज झोपताना. आणि तुझ्या कपाळावरची माशी मला इथून दिसतेय, कोमाद्रे."

ओब्दुलियाने कपाळ पुसलं. मग एकदम भडकली. एवढी वर्षं सांगितलं का नाहीस? क्रेसेन्सिया म्हणाली, सांगून काय करू, गल्लीने मला जिवंतपणी आंधळी ठरवलं असतं. माझ्या हाताने कुणी टोचून घेतलं असतं का मग? तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की सुई घेऊन डोळे शाबूत असलेली माणसं आमच्याकडे बरीच असतील. ती लपून घेतात. दिसतात फक्त ज्यांचे गेले ती.

ओब्दुलिया सुईला तयार झाली. क्रेसेन्सियाने शिकवलं: फ्रीजच्या दारात ठेवायचं, बर्फात नाही, रोज जागा बदलायची, घाम फुटून हातपाय थरथरले तर आधी चमचाभर साखर तोंडात, मग बाकीचं बोलणं. "म्हणजे साखरेच्या आजाराला साखर," ओब्दुलिया म्हणाली, "वा, हे औषध तर मी न शिकताच घेत होते." पण ऐकलं तिने. कोल्ड्रिंकची बाटली गेली. गोळ्या रोज. रात्री पायांची आग कमी झाली, झोप लागायला लागली, तोंडावर तजेला आला. लेसरची तारीखही मिळाली. यादिराने ती भिंतीवर लिहून ठेवली. एक दिवस ओब्दुलिया मला बोलावून म्हणाली, अगं, मला पुन्हा भूक लागल्यासारखी भूक लागते. मी तिला इतकी गोड कधी पाहिली नव्हती.

तारखेला अजून काही आठवडे होते. एका सकाळी ती चौकटीशी बसली आणि म्हणाली की कुणीतरी उजेडावर काळी शाई ओतली आहे. उजव्या डोळ्यात रक्त भरलं होतं. शहरात पोचलो तेव्हा डावाही धूसर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा आतून ओढला गेलाय, फार जुनं आहे हे, आता लेसरने भागणार नाही. शस्त्रक्रिया केली. उजेड कुठे आहे तेवढं तिला कळतं.

बस गल्लीत परतायच्या आधी बातमी परतली होती. सेनोबियो म्हणाला, बघा, बापाचं झालं तेच. कुंभारणीच्या सुनेने स्वतःचं इन्सुलिन गटारात ओतलं, आणि तिला ते चालू होतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. क्रेसेन्सिया रस्त्याने जाऊ लागली की लोक बोलणं थांबवायचे. तिने आपलं पोट चारचौघांत दाखवलं, तर एक म्हातारी म्हणाली, थांब की जरा, तुझीही पाळी येईल.

आणि मग यादिराची साखर निघाली. वय जेमतेम तिशीचं. इत्सेलची बदली झाली होती. नवीन डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि वर्षभरात म्हणाला, भागत नाहीये, इन्सुलिन सुरू करू, डोळे अजून स्वच्छ आहेत, हीच वेळ आहे. यादिरा घरी येऊन नाही म्हणाली.

क्रेसेन्सिया संध्याकाळी आली. ओब्दुलिया झोपाळ्यात होती, यादिरा चुलीशी, मी उंबऱ्यात. क्रेसेन्सिया यादिराकडे न जाता सरळ पुढे आली. ती ओब्दुलियासमोर जमिनीवर बसली.

"कोमाद्रे, तू सांग हिला. माझं ऐकायची नाही ती, तुझं ऐकेल. तुला तो काळा धागा आधीच दिसायला लागला होता की नाही? सुई लागायच्या वर्षभर आधी. तू मखमल खरवडत होतीस."

ओब्दुलियाने पायाने झोपाळा हलवला.

"एवढंच सांग. बाकी काही नको."

यादिरा हातातलं ठेवून आईकडे बघत होती. मी पण बघत होते. मी तिथे होते त्या दुपारी, मीही सांगू शकले असते, आणि सांगितलंही, पण माझ्या शब्दाला काय किंमत; डोळे माझे गेले नव्हते. झोपाळा हलायचा थांबला. ओब्दुलियाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. मला वाटलं, ती आता बोलणार. ते वर्ष आठवत असणार तिला: न धरलेली बस, न घेतलेल्या गोळ्या, मान तिरकी करून घातलेले टाके. सुईने केलं नसेल तर मग कुणी केलं, हा प्रश्न तिच्यापुढे उभा असणार, आणि त्याचं एकच उत्तर होतं.

"मला चांगलं दिसत होतं," ती म्हणाली. "तुझ्या सुईनेच गेले."

क्रेसेन्सिया हात टेकून उठली. गुडघे धरले होते, वेळ लागला. कुणी तिला हात दिला नाही. दारात ती यादिराला म्हणाली, बाळा, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवून जाते, मन बदललं तर. यादिरा म्हणाली, "नको, माय. घेऊन जा ते."

ती गेल्यावर यादिराने आईला विचारलं, जेवतेस का. ओब्दुलिया म्हणाली, हो. यादिराने ताट वाढून तिच्या मांडीवर ठेवलं, तिचा हात धरून भाकरीपाशी नेला, आणि स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसली.