बिनडायलच्या फोनवरचे तात्या

तात्यांनी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटल्याचं मला आठवत नाही. रिसीव्हर कानाला लावायचे आणि पहिलाच शब्द यायचा, “झालं का?” पलीकडे पंजाबी साहेब असो की मल्याळी, तात्यांना त्याचं काही नसे. बदलून आलेला प्रत्येक नवा अधिकारी आठवडाभर गोंधळायचा आणि मग तोही मुकाट्याने “झालं, तात्या” म्हणू लागायचा. सैन्याच्या त्या तुकडीत कुणाला मराठीचा गंध नव्हता, पण एवढे दोन शब्द सगळ्यांना येत.

हा फोन कसला, ते सांगायला हवं. मी विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रणात लागले तेव्हाची गोष्ट. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवासी विमानांचा जवळचा रस्ता पेणच्या खाडीवरून जाई. त्याच आभाळाचा एक मोठा तुकडा सैन्याच्या शिकाऊ वैमानिकांना ठरावीक वेळी सरावासाठी दिलेला असे. त्यांचा सराव चालू असला की आमच्या विमानांनी डोंगराकडून लांबचा वळसा घ्यायचा, नाहीतर खाडीच्या अलीकडे, रोह्यापासून पेणपर्यंत फेऱ्या मारत थांबायचं. सराव संपला की जवळचा रस्ता उघडायचा. आमच्या एका टेबलावर बिनडायलचा काळा फोन होता. तो उचलला की थेट सैन्याच्या टेबलावर घंटा वाजे. त्या टेबलाचे आणि त्या फोनचे धनी तात्या.

तात्या पेणच्या खारपट्टीतले, डोलवीच्या अलीकडच्या गावचे. मी रोह्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं आणि त्या क्षणापासून माझं नाव पुसून टाकलं. मी त्यांची ‘रोहेकरीण’ झाले. कागदावर माझी सही बघूनसुद्धा ते विचारत, “ही कोण गो, नवीन आली काय?” ऑफिसात बाकी सगळे इंग्रजी झाडत, आणि हे गृहस्थ वैमानिकांशी स्वच्छ, मोजकं इंग्रजी बोलून झालं की माझ्याकडे वळून खाडीकाठच्या बोलीत शिरत. मला सुरुवातीला त्याची लाज वाटे. लोक काय म्हणतील, असं वाटे. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

टेबलावर बसले की ते मनगटावरचं घड्याळ काढून पालथं ठेवत. भिंतीवर भलं मोठं घड्याळ होतं, पण त्याच्याकडेही त्यांची पाठ असे. वेळेवर चालणाऱ्या आमच्या धंद्यात हा प्रकार मला अजब वाटला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “घड्याळ आपल्याला किती वाजले ते सांगतं. पलीकडच्याचं काम उरकलं काय, ते नाय सांगत.” मी मान डोलावली आणि म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं.

आमच्यातले तरुण फार कुरकुरत. सैन्याने आपलं आभाळ अडवलंय, असं कुणी म्हटलं की तात्या चष्म्यावरून बघत. “आपलं? तुझ्या आज्याने घेऊन ठेवलंवतं काय?” मग थोडे निवळून सांगत, “शिकाऊ पोरं हायत ती. सायकल शिकणारं पोर बघितलंस काय? त्याला आख्खा रस्ता लागतो. ते वळतंच मोठं.” पण पलीकडून कुणी ‘तुमची विमानं आमच्या हद्दीच्या फार जवळून जातात’ अशी तक्रार केली, तर त्यालाही तेवढ्याच ठसक्यात सुनवत, “साब, उसमें डेढ़ सौ आदमी है, उनको भी घर जाना है.” दोन्हीकडून बोलणी खायची आणि दोन्हीकडे बोलणी द्यायची, असा त्यांचा कारभार होता. दिवाळीच्या सुमाराला पेणचे पोह्याचे पापड मात्र न चुकता पलीकडे जात. ज्यांना पाठवत त्यांतल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्या टेबलाचा परवाना मिळून मला तीन महिने झाले असतील. ऑक्टोबरचं ऊन होतं. सैन्याची वेळ बारापर्यंत होती. तात्या जेवायला गेले होते आणि टेबल माझ्याकडे होतं. माझी दोन विमानं फेऱ्या मारत थांबली होती आणि त्यातला एक वैमानिक दर दोन मिनिटांनी इंधनाची आठवण करून देत होता. बारावर काटे जुळले. मी काळा फोन उचलला. घंटा वाजत राहिली, कुणी घेईना. नियमात दोन वाक्यं होती. एकात वेळ लिहिलेली, दुसऱ्यात लिहिलेलं की वेळ संपली तरी तोंडी होकार घेतल्याशिवाय रस्ता उघडू नये. मला पहिलं वाक्य आठवलं. मी रस्ता उघडला आणि दोन्ही विमानं सरळ खाडीवरून घेतली.

काही झालं नाही. विमानं सुखरूप उतरली, वैमानिकाने आभारही मानले. मी स्वतःवर खूश होते. तात्या हात पुसत आले, तेवढ्यात काळा फोन वाजला. तात्यांनी घेतला. पलीकडचा म्हणाला, “झालं, तात्या. आखिरी वाला अभी उतरा.” तात्यांनी माझ्यासमोरच्या, एकेका विमानाची नोंद असलेल्या कागदी पट्ट्यांकडे बघितलं. दोन पट्ट्या उतरलेल्यांच्या खणात पडल्या होत्या.

“कधी सोडलीस?”

“बाराला.”

“कोणी सांगितलं?”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.  शिकाऊ विमान समुद्राकडे, पुष्कळ खाली होतं. माझ्या विमानांच्या आसपासही नव्हतं, हे नंतर कळलं. आमच्या दोघांशिवाय ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती आणि होण्याचं कारणही नव्हतं. तात्यांनी खुर्ची ओढली, कागद घेतला आणि माझ्यादेखत अहवाल लिहिला. मग काळा फोन उचलून माझ्या हातात दिला. “आता त्यांना तुझ्या तोंडाने सांग.” मी सांगितलं. पलीकडच्या साहेबाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “फोन उठाना चाहिए था हमें.” मला रडू फुटलं ते त्या वाक्याने.

माझा त्या टेबलाचा परवाना गेला. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची, नापास झाले तर कायमची कागद सारायला दुसऱ्या विभागात. मी तात्यांशी बोलणं टाकलं. आपल्याच जिल्ह्याचा माणूस, रोज माझ्या डब्यातली वालाची उसळ खाणारा, आणि त्यानेच माझा गळा कापावा! रोह्याला घरी गेले तर वडील म्हणाले, “तरी सांगत होतो, तलाठ्याच्या परीक्षेला बस. जमीन कुठं उडत नाय.”

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता तात्या आमच्या दारात. बगलेत नियमांची दोन जाडजूड पुस्तकं. आईने पाणी दिलं, मी आत जाऊन बसले. तात्या ओटीवरून मोठ्याने म्हणाले, “वैनी, तिला सांगा, राग आला असंल तर येऊ दे. पण परीक्षेची तारीख काय रागावर थांबत नाय.” मी अर्ध्या तासाने बाहेर आले. त्यानंतर दर रविवारी एकदा मी पेणला, एकदा ते रोह्याला, असं चाललं. ते शिकवत कमी आणि विचारत जास्त. उत्तर चुकलं की पुस्तक मिटून चहा मागत.

अशाच एका रविवारी त्यांनी मला त्यांच्या गावच्या बांधावर नेलं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या त्या बांधात एक लाकडी दार होतं. त्याला तिकडे उघाडी म्हणतात. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं. दार उघडून भरतीचं पाणी आत घेतल्याशिवाय मीठ पिकत नाही आणि तेच पाणी उभ्या भातात शिरलं तर भात जळतं. तात्यांचे वडील मिठागरात होते आणि उघाडी त्यांच्या ताब्यात असे.

“दिवाळीनंतरची मोठी भरती बघून बाबा दार उघडायचा,” तात्या सांगू लागले. “दरवर्षाची रीत. भात तवर कापून झालेलं असतं. त्या वर्षी एका म्हातारीचं गरवं भात उभं व्हतं. उशिराचं. बाबाने पंचांग बघितलं, खाचर नाय बघितलं. सकाळी म्हातारी बांधावर येऊन नुसती बसली. वरडली नाय, काय नाय. तीन वरसं त्या तुकड्यात काय पिकलं नाय.”

“मग?”

“मग काय. बाबा तिच्या दारात गेला. मी उघडलं, म्हणाला. माझ्या हातून झालं. आणि पुढल्या वर्षापासून उघडायच्या आधी घरोघर फिरायचा. कापणी संपलेली डोळ्यांनी दिसत असली तरी विचारायचा, झालं का? लोक हसायचे त्याला.”

ते उघाडीच्या लाकडावर हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याविरुद्ध अहवाल का लिहिला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. माझा राग मात्र त्या दुपारी गेला. जानेवारीत मी परीक्षा पास झाले. टेबल परत मिळालं त्या दिवशी तात्यांनी माझ्या डब्यातली उसळ माझ्याआधी संपवली.

चार वर्षांनी ते निवृत्त झाले. जन्मभर विमानं चढवली-उतरवली, पण स्वतः एकदाही विमानात बसले नव्हते. मुलगी बंगलोरला, तिच्या बाळंतपणाला तात्या आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, रेल्वेने गेले. परतीला जावयाने विमानाची तिकिटं काढली. मला हे कळलं तेव्हा मी ड्यूटी बदलून घेतली. त्यांचं विमान बाराला पाच कमी असताना रोह्यावर आणि बाराच्या ठोक्याला खाडीपाशी येणार होतं आणि सैन्याची वेळ बाराला संपत होती. मला एकच हौस होती, तात्यांना अजिबात न थांबवता सरळ त्यांच्या गावावरून आणायचं. त्यांनी मला टेबल परत मिळवून दिलं होतं. त्याच्या बदल्यात एवढं तरी मला करायचं होतं.

बारा वाजले. फोन उचलला. “एक बाकी है, मॅडम,” पलीकडचा म्हणाला. “पहली बार अकेला गया है. आ रहा है.” मी तात्यांच्या विमानाला थांबायला सांगितलं. शेजारचा सहकारी कुजबुजला, “अगं, तात्या आहेत त्यात. तो पोरगा लांब समुद्रावर असेल. बारा वाजून गेलेत.” पडद्यावर तो ठिपका रोह्याहून पेणकडे जाई, वळे, परत येई.  एक फेरी झाली, दुसरी झाली. मनात आलं, पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस, सोबत काकी, आणि मी त्यांना टांगून ठेवलंय. तरी मी रस्ता उघडला नाही. तिसरी फेरी पुरी होत आली तेव्हा फोन वाजला. “झालं, मॅडम.” मग मी त्यांना खाडीवरून सरळ आत घेतलं.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मला त्या विमानप्रवासानंतरचा रविवार सांगावासा वाटतो. मी पेणला गेले ती माफीचं भाषण तयार करूनच. काकींनी दारातच सांगितलं, “मी तर डोळे मिटूनच बसलेवते गो. आन ह्यांचं नाक सगळा वेळ काचेला.” तात्या पडवीत बसले होते. मला बघून हसले नाहीत. बराच वेळ चहाच ढवळत राहिले.

“कोण व्हता वर?” त्यांनी विचारलं.

“एक शिकाऊ पोरगा. पहिल्यांदाच एकटा.”

“उतरला नीट?”

“उतरला. तात्या, मला तुम्हाला सरळ आणायचं होतं. फार मनात होतं माझ्या.”

“सरळ आणलं असतंस तर गाव एकदा दिसलं असतं,” तात्या म्हणाले. “तेबी डोळा लवेपर्यंत. चार वेळा दिसलं गो. बांध दिसला, मिठागरं दिसली, आणि चौथ्या वेळेला तर आपलं घरबी सापडलं.”