पावलावरचा खळगा

दोन हजार अकरा साल, मी अडुसष्ट वर्षांचा. अंगणवाडीत नातीला तोललं. वजन वाढलेलं!

"बघा, तुमचा खाऊ लागला पोरीला," मी मिशीला पीळ दिला.

सेविकाबाईंनी तिचं पाऊल अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला, तो भरेचना.

"आजोबा, हे बाळसं नाही, सूज आहे. आजच दवाखान्यात न्या."

"तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणत मी तिला घरी आणलं.

पण जन्मभर मातीच्या भिंती घातल्यात मी. भिंत फुगली तर तिला बळकट कोण म्हणेल? आत पाणी मुरलेलं असतं, ती कधी बसेल नेम नसतो. नात हसत होती आणि मी तिच्या पावलांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मीच पाऊल दाबलं. खळगा तसाच. पोरीला खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली.