स्टेरॉइडवरचा माझा राग

स्टेरॉइडच्या ऑर्डरवर काट मारायला मी पेन उघडलं होतं आणि चेहऱ्यावर विजयी हसू होतं. इतकी मूर्ख मी आयुष्यात क्वचितच दिसले असेन. निवृत्ती तोंडावर आली होती. म्हणजे साठीची अल्लड पोर होते मी तेव्हा!

जे. पी. नगरमधलं आमचं हॉस्पिटल. पेशंट रामण्णा, हार्मोनियम दुरुस्त करणारे, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेले मराठी. त्यांना झालं होतं हार्ट फेल्युअर. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप दमतो आणि पाणी फुप्फुसांत, पायांत साठतं. आडवं झालं की रामण्णांचा जीव गुदमरायचा. म्हणून बसूनच, बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायचे. सुशीलाक्कांचा खांदा आखडून गेला, तरी त्या हलायच्या नाहीत.

पाणी काढणारी इंजेक्शनं चालू होती. फरक होता, पण स्वल्प. माझी ज्युनिअर दीपा, बेळगावची, रिपोर्ट घेऊन आली.

"मॅडम, सीआरपी फार वाढलाय. इन्फेक्शन तर कुठंच सापडत नाही."

सीआरपी ही शरीरातला दाह सांगणारी रक्ततपासणी. हा दाह दमलेल्या हृदयाला आणखी छळत असावा, असं नवं संशोधन म्हणतं. अशा निवडक पेशंटना थोडेच दिवस स्टेरॉइड देऊन बघायचं, असा अभ्यास आमच्याकडे चालू होता.

"हार्ट फेल्युअरमध्ये स्टेरॉइड?" मी कडाडले. "अगं, ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं! आमच्या सरांनी वॉर्डाबाहेर काढलं असतं मला."

"पण सर आता नाहीत ना राउंडला, मॅडम."

कार्टी! आता बाल्कनीत कॉफी पिताना आठवतात त्या सकाळच्या राउंड, स्पिरिटचा वास आणि तिची ती उलट उत्तरं. कुणी उलट बोलतच नाही हल्ली. नातवंडंसुद्धा फोनमध्ये.

शेवटी कुरकुरतच मी हो म्हटलं. रामण्णांना सगळं समजावून, त्यांची सही घेऊन स्टेरॉइड सुरू केलं. दम लागणं कमी झालं. पाठीशी रचलेल्या उशा एकेक करून निघाल्या. भूकही खवळली, ती या औषधानं खवळतेच. आणि मग एका सकाळी वजन वाढलेलं, पाय पुन्हा सुजलेले. हार्ट फेल्युअरमध्ये असं झटकन वाढलेलं वजन म्हणजे पाणी.

"बघ! सांगितलं नव्हतं?" मी दीपाला म्हणाले. तिचा चेहरा उतरला. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

औषध बंद करतोय हे सांगायला मी पेन हातात घेऊनच खोलीत शिरले. रामण्णा जेवत होते. वाडग्यात पेज. शेजारी कैरीचं लोणचं, दोन पापड आणि तळलेल्या सांडग्या मिरच्या.

"अक्का, हे काय?"

"पेज. तुम्हीच सांगितली की, बिनमिठाची."

"आणि हे?"

"पेजेबरोबरचं!" सुशीलाक्का चकित झाल्या. पेज कुणी नुसती खातं का, असा त्यांचा चेहरा. भूक वाढल्यावर पेज दिवसातून तीनदा होत होती. लोणचंही.

पेनाला टोपण लावलं. लोणचं, पापड, मिरच्या डब्यासकट घरी गेल्या. स्टेरॉइड ठरल्याप्रमाणे पूर्ण केलं, वजनावर डोळा ठेवून. सूज उतरली. रामण्णा आडवे झोपून घोरायला लागले.

स्टेरॉइडनं बरे झाले असं मी म्हणणार नाही. एका पेशंटवरून औषध सिद्ध होत नाही, आणि एका सुजलेल्या पायावरून बदनामही करू नये. मीठ धरून ठेवणारं औषध देताना मीठ कुठून येतंय ते आधी शोधावं, एवढंच. दीपाची मी माफी मागितली. ती हसली, जरा जास्तच.

डिस्चार्जच्या दिवशी मी सुशीलाक्कांवर लटकेच रागावले, "एवढं मीठ जात होतं पोटात, मला सांगायचं नाही होय?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "रोज विचारत होतात, पेजेत मीठ घातलं का? नाही घातलं, बघा. लोणच्याचं तुम्ही विचारलंत कुठं?"