काश्मीरच्या बर्फात दोन बांगड्या

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त चहासोबत ऐकल्या आहेत, विश्वास ठेवून कधीच नाही. त्यातून माझा धंदाच मुळी खोट्याचा... लग्नाच्या व्हिडिओचा! पिपरी मेघेत बसून लोकांना काश्मीर, ताजमहाल, स्वित्झर्लंड सगळं दाखवायचं. पडद्यावर काही विचित्र दिसलं की देव आठवायच्या आधी मला वायर आठवते. तरी २००३ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट काही केल्या वायरीत बसत नाही.

तेव्हा घराच्या पुढच्या खोलीतच माझा स्टुडिओ होता. नवरा-नवरीला एकरंगी कापडापुढे उभं करायचं, मिक्सर मशीनवर तो रंग गाळायचा, की त्या जागी बर्फाचे डोंगर येतात. आमच्याकडचे सगळे यासाठी निळं कापड वापरायचे. मी मात्र नागपूरला एका स्टुडिओत हिरवं पाहून आलो आणि शहाणपणा करून तेच घेतलं. आपल्या नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो, हे डोक्यातच आलं नाही!

त्या हिरव्या कापडापुढे पहिलंच जोडपं आलं ते उज्ज्वला आणि तिचा नवरा. मुलगी जाम गावची, दिली नालवाडीत. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. सोबत तिच्या आत्या होत्या. उज्ज्वलाची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घर याच आत्यांनी सांभाळलेलं. बाई कडक. आल्या आल्या माझ्या पंख्याला नावं ठेवून स्टुलावर बसल्या.

भरदुपारची वेळ. मी जोडप्याला उभं केलं, मशीन सुरू केली, टीव्हीवर बर्फ आला... आणि नवरीच्या बांगड्या गायब. मनगटातून चक्क डोंगर दिसायला लागले, हात चकत्या करून ठेवल्यासारखा.

"भाऊ, हिचा चुडा कुठं गेला?" नवरा हसत सुटला.

मी कपाळावर हात मारला. चूक लगेच कळली. पण मग दुसरी गोष्ट दिसली. डाव्या हातात दोन बांगड्या शिल्लक होत्या, अगदी स्वच्छ हिरव्या. मी बटण आणखी फिरवलं. साडीच्या पोपटी काठाला भोकं पडली, पण त्या दोन काही जाईनात. मला वाटलं, काचेचा रंग वेगळा असेल. जवळ जाऊन पाहिलं तर सगळ्या सारख्या. मी विचारलं, "ताई, या दोन वेगळ्या दुकानातल्या का?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हात पदराखाली घेतला.

आत्या उठल्या. "उजू... कोणाच्या हायेत त्या?"

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "मायच्या."

"तुले म्या नाई म्हटलं होतं ना? मेलेल्या बाईच्या बांगड्या लग्नात घालत असते का कोणी?"

"चुड्यात मिसळून घातल्या, आत्या. कोणाले समजलं नाई." आणि ती रडायला लागली. "मले ती लग्नात पाह्यजे होती."

नवरा बावरून एकदा हिच्याकडे, एकदा आत्यांकडे पाहत होता. सासरी ही गोष्ट कशी घेतील, याची धास्ती मुलीच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. मला फार वाईट वाटलं. माझ्या एका कापडाने तिचं गुपित उघडं पाडलं होतं. वातावरण सैल करायला मी म्हटलं, "अहो, मशीनची गडबड आहे. उतरवून द्या, दाखवतो."

तिने दोन्ही बांगड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. मी कॅमेऱ्यापुढे हात धरला. टीव्हीवर माझ्या तळहातावर बर्फाची दोन कडी... बांगड्या गेल्या! मी सुटकेचा श्वास सोडला. "बघा, म्हटलं नव्हतं?"

आत्यांनी त्या माझ्याकडून घेतल्या, स्वतःच्या हातात चढवल्या आणि कॅमेऱ्यापुढे आल्या. तरीही गायब. टीव्हीतल्या आपल्या मनगटाकडे त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग बांगड्या उतरवल्या, उज्ज्वलाचा डावा हात ओढून घेतला आणि बोटं दाबत एकेक हळूच भरली, जशी लहान मुलीला भरतात. त्या बाजूला सरकल्या.

टीव्हीवर बर्फ, आणि बर्फापुढे त्या दोन हिरव्या बांगड्या.

भीती म्हणाल तर मला अजिबात वाटली नाही. उलट खोलीत एकाएकी फार बरं वाटायला लागलं होतं, हे मात्र खरं.

मी कपाटातलं जुनं निळं कापड काढायला वळलो. "यावर सगळा चुडा नीट येईल."

"राहू द्या, भाऊ," आत्या म्हणाल्या. "लग्नात म्या तिले येऊ देलं नाई. आता आलीच हाये तं काऊन हाकलू?"

नवऱ्याने खिशातला रुमाल उज्ज्वलाला दिला आणि पुन्हा तिच्या शेजारी उभा राहिला. "घ्या भाऊ, असंच घ्या," म्हणाला. तसंच शूटिंग झालं.

नंतर मी नागपूरच्या मशीनवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, काचेवर लाइट पडला असेल. मग आत्यांच्या हातात का नाही पडला? यावर तो म्हणाला, गिऱ्हाईक आलंय, मग बोलू. माझ्या बायकोच्या बांगड्या घेऊन मी किती तऱ्हेने लाइट लावून पाहिले, एकही टिकली नाही. कारण मला तेव्हा सापडलं नाही आणि आजही माहीत नाही.

आत्यांना मात्र ते शोधायची गरज वाटली नाही. पुढे कॅसेटची कॉपी न्यायला आल्या, तेव्हा मीच भीत भीत विचारलं, पाहुणे काही म्हणत नाहीत का, नवरीच्या हातात दोनच बांगड्या कशा म्हणून?

"इचारतेत ना," त्या म्हणाल्या. "मी सांगतो त्याईले... बाकीचा चुडा कासारानं भरला होता. ह्या दोन तिच्या मायनं भरल्या."