नोव्हायमधली धुरी

बाळ माझ्या मांडीवर होतं आणि रडत नव्हतं. एरवी धुरी सुरू झाली की पोरगी घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी तिचं तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि हात वर उचलून सोडला की धप्पकन खाली. मी माझ्या मुलीला, बाळाच्या आईला, हाक मारली. ती खोलीतल्याच बाथरूमला जायला उठली होती आणि बाथरूमच्या दारातच आडवी झाली होती. एक पाय फरशीवर, बाकी सगळी कार्पेटवर. मला वाटलं, मेली. अशा वेळी आई किंचाळते म्हणतात. मी नाही किंचाळले. मला ओकारी येत होती आणि डोक्यात कुणीतरी खलबत्ता चालवत होतं. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. मग बाळाला धरून भिंतीला टेकले आणि समोरच्या कढईतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिले. निखारे छान फुललेले होते. धूर जरासुद्धा नव्हता.

हे कुठल्या खेड्यात झालेलं नाही. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, भर दिवसा झालं. बाहेर बर्फ पडत होता.

मी तिथे लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, सहा महिन्यांसाठी. मुलगी पुण्याहून नोकरीसाठी तिकडे गेलेली, कॉम्प्युटरवाली. जावई नागपूरचे, मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. निघताना आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "मजा आहे बाई तुमची." मजा काय, तर तिथेही भांडी. फक्त ती मशीनमध्ये लावायची, आणि मशीनमध्ये लावायच्या आधी स्वतः धुवायची.

धुरीचं खूळ माझं नव्हतं, हे आधी सांगते. तिकडे सगळ्यांना वाटलं की म्हातारीनेच गावाकडून आणलं. मी आणला होता फक्त ओवा, बाळंतशोपा आणि डिंक. मुलीने मोबाइलवर काय काय बघून ठेवलं होतं.

"आई, मला सगळं प्रॉपर पाहिजे. मालिश, शेक, धुरी, सगळं."

"अगं, तुझ्या वेळी मी धुरी लगेच बंद केली होती. खोकून खोकून टाके उसवायची वेळ आली."

"पण आजी तर सांगायची की तू सव्वा महिना घेतलीस."

"तुझी आजी वाट्टेल ते सांगायची. तिला सुनेला धुरात कोंबायला मिळालं, एवढंच."

"ट्रॅडिशनमागे सायन्स असतं, आई."

"असेल. खोकलाही असतो."

पण बाळंतिणीशी वाद घालू नये. आणि खरं सांगायचं तर इतकी शिकलेली मुलगी माझ्याकडे काही मागतेय, याचं मला बरं वाटलं. जावयांनी मागच्या डेकवरच्या, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावरच्या, ग्रिलचे कोळसे काढले. ते त्यावर उन्हाळ्यात कोंबडी भाजतात. रोज ऑफिसला जायच्या आधी ते बाहेरच कोळसे पेटवायचे, लोखंडी कढईत घालून आत आणून द्यायचे आणि म्हणायचे, "आई, झालं की ठेवून द्या न बाहेर." मी निखाऱ्यांवर ओवा, शोपा आणि लसणाच्या साली टाकायची, बाळाला वरून फिरवायची, मुलीला थोडा शेक द्यायची, आणि जाड हातमोजे घालून कढई डेकवर ठेवून यायची. सगळा कारभार चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात आटपायचा.

आता छतावरच्या डब्यांचं. त्या घरात खोलीखोलीत छताला एक पांढरी डबी. मोहरी तडतडली की ती आधी शिट्टी मारायची, मग बाईच्या आवाजात इंग्रजीतून ओरडायची. मी येईपर्यंत या दोघांनी फोडणीच सोडून दिली होती. डाळीत वरून कच्चं तेल घालून खात होते. मी आले आणि रोजचा तमाशा सुरू झाला. मी फोडणी करायची, डबी बोंबलायची, आणि एवढे मोठे इंजिनियर टॉवेल घेऊन तिच्याखाली उड्या मारत वारा घालायचे. एकदा मी मिरच्या भाजल्या तेव्हा तर शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली. त्या दिवशी जावई स्टुलावर चढले, स्वयंपाकघरातली डबी काढली आणि सॉसच्या पुड्या असतात त्या ड्रॉवरमध्ये टाकली. पुढे धुरी सुरू झाल्यावर बेडरूममधली आणि तिच्या बाहेरची पण काढली.

"आता करा न आई बिनधास्त," म्हणाले.

मी केली बिनधास्त.

शेजारी एक चिनी कुटुंब राहायचं. त्यांच्याकडेही एक आजी आली होती, माझ्यासारखीच सहा महिन्यांची पाहुणी, मुलाचं पोर सांभाळायला. आमची ओळख भांडणातून झाली. मुलगी पोटुशी असताना थंडीत अनवाणी पायांनी टपालाची पेटी उघडायला गेली. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बुटकी, जाडजूड बाई रजईसारखा कोट घालून धावत आली आणि हिच्या पायांकडे बोट दाखवून चिनी भाषेत झापायला लागली. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं समजलं. महिनाभर मीही तेच सांगत होते. मुलगी म्हणाली, "ओ माय गॉड, आता दोन दोन आया!"

तेव्हापासून आम्ही दोघी रोज घरांच्या गोल रस्त्यावर फिरायचो. ती चिनीत बोलायची, मी मराठीत. समोरची काय म्हणतेय याची दोघींनाही फारशी पडलेली नव्हती, त्यामुळे गप्पा छान रंगायच्या. बाळ झाल्यावर ती भांडं भरून सूप आणायला लागली. डुकराचे पाय आणि शेंगदाणे. दूध यावं म्हणून. मी मटण खाते, पण हे बघून मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले. मुलगी मात्र भुरके मारून प्यायची. मी त्या आजीला मेथीचा लाडू दिला. तिने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या सात पिढ्यांना शिवी दिली. तरी उरलेला खिशात घातला. बेल वाजली की बाळ उठतं म्हणून मुलीने तिला आमच्या दाराच्या कुलपाचा नंबरच देऊन ठेवला होता.

आमचं दोघींचं एका गोष्टीत पक्कं जमलं. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. तिच्याकडेही तसंच आहे. ती आली की आधी बेडरूमच्या खिडकीच्या फटीशी हात धरून बघायची, वारा येत नाही ना. मग माझ्याकडे बघून मान डोलवायची. मला कुणीतरी पास केल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी डेकवर बर्फाची काच झाली होती. कढई घेऊन बाहेर पाऊल टाकलं असतं तर मी आणि निखारे वेगवेगळ्या दिशांना गेलो असतो. मुलगी पांघरुणातून म्हणाली, "राहू दे ना आई इथेच. किती छान ऊब येतेय. गावाकडे नाही का बाजेखाली शेगडी ठेवायचे?" ठेवायचे खरे. म्हणून मी कढई खाटेपाशी ठेवली आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या खालच्या फटीत टॉवेल कोंबला.

आमच्या गावातल्या घराला कौलांमधून आभाळ दिसायचं. दाराला इतकी मोठी फट की मांजर त्यातून ये-जा करायचं. त्या घरात शेगडी महिनाभर जळली तरी काही होत नव्हतं, कारण ते घर म्हणजे जवळजवळ अंगणच. नोव्हायमधलं घर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. अशा बंद खोलीत निखाऱ्यांतून बिनधुराचा विषारी वायू साचतो आणि छतावरच्या त्या डब्या तोही ओळखतात, हे मला तेव्हा कुठे माहीत? आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी डब्या सॉसच्या पुड्यांत टाकल्या होत्या. तिघांनी मिळून केलं. कोळसे एकाने दिले, राहू दे एकीने म्हटलं, फट मी बुजवली.

तर मी भिंतीला टेकून बसले होते. खोलीचं दार बाहेरून उघडायला जोर लागला, कारण टॉवेल अडकला होता. चिनी आजी हातात सुपाचं भांडं घेऊन आत आली. तिने मुलीकडे बघितलं, कढईकडे बघितलं, आणि असा काही आवाज काढला की मला तो अजून ऐकू येतो. सगळं सूप निखाऱ्यांवर ओतलं. डुकराच्या पायांसकट. मग खिडकीकडे गेली आणि ज्या खिडकीची फट ती रोज हाताने तपासायची, ती खिडकी सताड उघडली. बर्फ आत आला.

मी ओरडले, "अगं, वारा! बाळंतीण आहे!"

माझं तोंड चालत होतं, पाय नव्हते. तिने माझ्या मांडीवरून बाळ ओढलं, कोटात घातलं आणि पळाली. परत आली, मुलीला काखेत धरून फरफटत नेलं. मग माझी पाळी. मला तिने पातळाला धरून ओढलं. पातळ सुटलं. शेजारच्या घराच्या पायऱ्यांवर मी परकरात बसले होते आणि समोर तिचा मुलगा फोनवर इंग्रजीत ओरडत होता. लाज वगैरे काही वाटली नाही. बाळ निळं आहे की लाल, एवढंच बघत होते. लाल होतं. मला वाटलं, लाल म्हणजे चांगलं. तसं नसतं, त्या वायूने माणूस लालच दिसतो, हे नंतर कळलं.

अँब्युलन्स आली, आगीचा बंब आला. बंबवाल्यांनी घरात यंत्र नेलं आणि बाहेर येऊन डोकी हलवली. जावई ऑफिसातून आले तेव्हा एकाने त्यांना विचारलं, अलार्म कुठे आहे? जावयांनी ड्रॉवर उघडून दाखवला. त्या माणसाने पुड्यांमधून डब्या उचलल्या आणि वहीत लिहून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलात मला नाकाला मास्क लावून बसवलं. मुलीला दाबाने प्राणवायू देणाऱ्या एका मोठ्या काचेच्या नळीत घातलं. बाळाच्या डोक्यावर प्लास्टिकचा घुमट ठेवला आणि दार लावून घेतलं. एक तरुण डॉक्टरीण आली, तिथेच जन्मलेली, पण आईबाप आपल्याकडचे.

"आजी, मी थोडा मराठी बोलते. तुम्ही बेडरूममध्ये बार्बेक्यू केला?"

"धुरी केली."

"व्हॉट इज धुरी?"

मी सांगितलं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "ओके. परत नाही करायचा."

"बाळ?"

"शी इज ब्रीदिंग. पण ब्रेनला किती ऑक्सिजन मिळाला, ते आता सांगता येत नाही. वेट करायचा."

"किती?"

"ती रडेपर्यंत," म्हणाली, आणि गेली.

जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते. एकदा वळून म्हणाले, "आई, मीच काढल्या न त्या डब्या." मी म्हटलं, "हो, तुम्हीच काढल्या. आता बसा, नाहीतर तुम्हालाही उचलायला लागेल." दुसरं काय म्हणणार? खोटं बोलून त्यांना बरं वाटलं नसतं आणि मलाही नाही.

चिनी आजी तिच्या मुलाच्या गाडीतून आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. माझं पातळ घडी करून पिशवीतून आणलं होतं. तिने मोबाइल काढला, त्यात काही बोलली, आणि मोबाइल एका बाईच्या कोरड्या मराठीत म्हणाला, "आमच्या गावी हिवाळ्यात कोळशाची चूल. माझ्या मोठ्या बहिणीचे घर. सकाळी कोणी उठले नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होती. त्यात कुणीतरी केक बनवत होतं. मास्क काढून मी तिच्या मोबाइलमध्ये विचारलं, "मग खिडक्या बंद ठेव म्हणून माझ्या मागे कशाला लागायचीस?" मोबाइलने ते चिनीत सांगितलं. तिने ऐकलं, थोडा विचार केला आणि उत्तर दिलं. मोबाइल म्हणाला, "वारा पण वाईट आहे."

बाईचं खरं होतं. नर्सने येऊन माझा मास्क परत नाकावर बसवला आणि मला दटावलं.

मुलीला काचेच्या नळीतून बाहेर काढलं तेव्हा तिने आधी विचारलं, "बाळ रडलं?" मी म्हटलं, नाही. ती दाराकडे बघत राहिली. तिचा हात माझ्या हातात नव्हता. तिला सुया टोचलेल्या होत्या आणि मला हात धरायची सवय नाही. मी खाटेपाशी उभी राहिले, एवढंच. तिच्या छातीवर दुधाने कपडा ओला झाला होता.

संध्याकाळी आत काहीतरी कुरकुरलं. मग थांबलं. मग एकदम भोकाड. ते ऐकून हॉलमधल्या दोन नर्सा हसल्या. डॉक्टरीण धावत आली, बाळाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय ओढून बघितले, टाचेला टोचलं. पोरगी आणखी चिडली. तिला भूक लागली होती आणि तिने ती कुणाला न विचारता सगळ्या मजल्याला सांगितली.

"गुड," डॉक्टरीण म्हणाली. "व्हेरी अँग्री. व्हेरी गुड."

पुढे बरेच महिने तपासण्या झाल्या. पोरीने मान धरली, पालथी पडली, वेळेवर बसली. मुलीचं डोकं काही आठवडे दुखत राहिलं, मग थांबलं. माझं तर आधीपासूनच दुखतं, त्यामुळे त्याचं सांगता येत नाही.

त्या दिवशी खाटेपाशी निखाऱ्यांची कढई असलेल्या त्या बंद खोलीत आम्ही तिघी होतो. मी, माझी मुलगी आणि तिची मुलगी. तिघी जगलो.