कोयरीसाठी तबेला

मोरू शिगवणनं आजवर किती माणसांना मारलं असेल, हे त्यालाही सांगता यायचं नाही. घोडीला मात्र त्यानं कधी बोट लावलं नाही. ही दोन्ही वाक्यं मी कोर्टात साक्षीला उभी राहून म्हटली. पहिलं गाळा, असं त्याचा वकील कळवळून सांगत होता. पण मी शाळेत गणित शिकवते, अर्धं उत्तर लिहायची मला सवय नाही. त्यामुळे माझ्या साक्षीचा मोरूला काडीचाही उपयोग झाला नाही.

दिवेआगरला आमची सुपारीची वाडी आहे. वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला मोरू राहायचा आणि त्याच्या खोलीला लागून असलेल्या छपरात त्याची घोडी. मूळचा तो म्हसळ्याच्या आतल्या गावातला, भातशेतीच्या घरातला. बाप दाव्यानं झोडपायचा, म्हणून मिसरूड फुटायच्या आत पळाला आणि एका टांगेवाल्याकडे राहून घोडे शिकला. पुढे आमच्या किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्यांना घोडीवर बसवून फेरी मारून आणायचा. घोडी तांबडी आहे, कपाळावर कोयरीच्या आकाराचा पांढरा ठिपका, म्हणून नाव कोयरी. मोरूला बायकोही होती. तिच्यावर आपण हात टाकला नाही असं तो सांगतो, आणि ते खरं असेल. पण भिंतीवर ताटं फेकणाऱ्या माणसाबरोबर बाई किती दिवस राहणार? ती माहेरी गेली ती गेलीच.

मे महिन्यात चार पोरं गाडी घेऊन आली. त्यातला एक रंगीत चष्म्याचा कोयरीवर बसला, खाली उतरला, आणि मित्र मोबाईलवर चित्रण करत असताना त्यानं जळती सिगरेट तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर दाबली. कोयरी किंचाळून उधळली. मी तेव्हा तिथंच होते. मोरूनं त्या पोराला कॉलर धरून आडवा केला, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर ठोसे घालायला सुरुवात केली. जबडा मोडला तो आवाज मला ऐकू आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. ओली वाळू लाल झाली. एक मित्र गाडीतला जॅकचा दांडा घेऊन धावला, त्याचा हात मोरूनं असा पिरगळला की तो दांडा टाकून लहान मुलासारखा रडायला लागला. कोयरी तेवढ्यात सुरूच्या झाडांपाशी जाऊन उभी होती आणि पोटापासून थरथरत होती. भाजल्यामुळे कापतेय बिचारी, असं आम्ही सगळेच म्हणालो. मला विचाराल तर मला त्या वेळी फार बरं वाटत होतं. अजून एक दे, असं मी मनात म्हणत होते.

मोरूला सहा महिन्यांची सजा झाली. अपीलही फेटाळलं गेलं आणि हजर व्हायला थोडेच दिवस मिळाले. त्याला सजेचं काही वाटत नव्हतं. कोयरीला ठेवायचं कुठं, एवढाच त्याला घोर लागला होता. मला ते जमणारं नव्हतं. घोडीला रोज फिरवावं लागतं, खरारा करावा लागतो, खूर तपासावे लागतात आणि मी दिवसभर शाळेत. चांगली जागा मिळाली नाही तर विकावी लागणार होती. एक व्यापारी येऊन तिचे दात बघूनही गेला होता. त्याच्याकडची जनावरं वीटभट्टीवर जातात आणि तिथून परत येत नाहीत, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घोडेवाल्याला माहीत आहे.

माझा पनवेलचा भाचा सलिल, त्यानं फोनवरून तबेले शोधून दिले, कुणाला किती तारे आहेत ते वाचून दाखवलं. मोरूची परीक्षा निराळी होती. तबेल्यात शिरायचं आणि काही न बोलता घोड्यासमोर एकदम हात वर उचलायचा. मार खाणारा घोडा मान मागे झटकतो आणि डोळे मिटतो.

"मालक कायपण सांगंल, बाई," तो म्हणाला. "आपन मान बघायची."

त्यानं कुणाचा तरी छोटा टेम्पो मागून आणला, मागं फळ्या ठोकल्या, कोयरीला चढवलं. जागा पटली की तिथंच सोडून यायचं, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला वेळ नव्हता. मी शेजारी छत्री घेऊन बसले.

पहिल्यांदा म्हसळा. तिथं दिनानाथशेठ म्हणून एक गृहस्थ वरातीच्या घोड्या ठेवतात. तोंडात पान, बोलणं गोड. "आमच्याकडं घोडी म्हणजे घरची लेक," असं म्हणत ते आम्हाला आत घेऊन गेले. मोरूनं हात उचलला. दावणीला बांधलेल्या सगळ्या घोड्या एकदम मागे सरकल्या, डोळे घट्ट मिटून. त्यातल्या एकीचा कान सुजून वांग्यासारखा झाला होता.

"कान कशानं सुजला?" मोरूनं घोड्यांची देखभाल करणाऱ्या तिथल्या मोतद्दाराला विचारलं.

"नाल ठोकताना हलते ना. मग पिळावा लागतो." त्यानं पिळून दाखवलाही. घोडीचे पुढचे पाय वाकले.

मोरूनं त्याचा कान धरला आणि तसाच पिळला. मोतद्दार गुडघ्यांवर आला, मग पालथा पडला, तरी मोरू सोडेना. दिनानाथशेठ चाबूक घेऊन धावले आणि त्यांनी मोरूच्या तोंडावर सणसणीत ओढला. गालातून रक्त निघालं. पुढच्या क्षणी चाबूक मोरूच्या हातात होता आणि शेठ लेंग्यावर फटके खात पाण्याच्या हौदाभोवती पळत होते. शेवटी मोरूनं त्यांना उचलून हौदातच टाकलं.

"पोलिसात जातो!" शेठ हौदातून ओरडले.

"जावा. मीपण तिकडंच चाललोय," मोरू म्हणाला.

बाहेर, दारासमोरच उभ्या टेम्पोत कोयरी थयथय नाचत होती, फळीवर खूर आपटत होती. मालकाला शाबासकी देतेय असं मला वाटलं आणि मी मोरूला तसं म्हटलंही. तो गालावरचं रक्त पुसत हसला आणि तिची मान थोपटायला गेला. तिनं मान दुसऱ्या बाजूला वळवली, पण आम्हाला निघायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी माणगाव. हायवेपासून थोडं आत दीपेश नावाच्या एका तरुण माणसानं घोडेस्वारीचा क्लब काढला होता. पाचपैकी पाच तारे. 'घोडे अतिशय शांत', असं निदान दहा जणांनी लिहिलं होतं. खाली फरशी, वर पंखे, प्रत्येक घोड्याच्या नावाची पितळी पाटी. मला जागा एकदम पसंत पडली. मोरूनं हात उचलला आणि एकही घोडा हलला नाही. मी म्हटलं, झालं, सुटलो.

मोरूचा चेहरा मात्र उतरला. त्यानं पुन्हा हात उचलला, टाळी वाजवली, एका पांढऱ्या घोड्याच्या डोळ्यापाशी बोटं नेली. घोड्याचा कानसुद्धा हलला नाही.

"शांत न्हाईत हे, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "हे संपल्यात."

भिंतीला एक काळा प्लास्टिकचा पाईप टेकवून ठेवला होता. मोरूनं तो उचलून फरशीवर नुसता टेकवला. टक्, एवढाच आवाज झाला. पांढरा घोडा उभ्या जागी मुतला.

"डिसिप्लिन लागतं ना," दीपेश सहज बोलल्यासारखं म्हणाला. "आणि पाईपचा फायदा असा की वळ उठत नाहीत."

"उठत्यात की न्हाय, बघू," मोरू म्हणाला.

उठले. तलम शर्ट फाटला आणि दीपेशच्या पाठीवर बोटाएवढे जाड वळ आडवे-तिडवे उठले. दोन रखवालदार काठ्या घेऊन आले. मोरूच्या डोक्यात एक बसली, तोंडावर एक बसली, दात तुटून फरशीवर पडला. त्यानं एकाला पितळी पाटीवर आपटला. दुसऱ्यानं मागून काठी उगारली तेव्हा मी छत्री वापरली. कुठं मारली ते लिहीत नाही, पण तो खाली बसला.

टेम्पोपाशी आलो तर एक फळी मोडलेली आणि कोयरीचे गुडघे सोलवटलेले. तोंडाला फेस. शाबासकी जरा जास्तच होतेय, असं मला पहिल्यांदाच वाटलं. मोरू तोंडात रुमाल कोंबून बसला होता.

सलिलचा फोन आला. आता तळा गावाजवळचा एकच तबेला उरलाय, पण त्याला एकच तारा आहे, तिथं जाऊ नकोस मावशी. मी विचारलं, लोकांनी लिहिलंय काय? तो वाचायला लागला, "इथल्या घोड्यानं मला चावलं. मालकीण हसली."

मोरूनं तोंडातला रुमाल काढला. "चावला?" त्याचे डोळे चमकले. "चला तळ्याला."

तळ्याचा तबेला म्हणजे गंजक्या पत्र्याचं छप्पर, वर निळा ताडपत्रीचा तुकडा. मालकीण कल्पिता, चाळिशीची बाई. नवी मुंबईतली ऑफिसातली नोकरी सोडून आली होती आणि लोकांनी टाकून दिलेले घोडे सांभाळत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा एका करड्या घोड्यानं तिची ओढणी दातांत धरली होती.

"सोड रे मेल्या! अरे, नवीन आहे ती!" ती ओरडत होती. घोड्यानं ओढणी सोडली आणि तिच्या खांद्याला चावा घेतला. तिनं त्याला खच्चून शिवी दिली आणि त्याचं थोबाड ढकललं. घोडा पुन्हा तोंड घेऊन आला. त्याला तिची जराही भीती नव्हती.

मोरू काही न बोलता आत गेला आणि करड्यासमोर हात उचलला. करड्यानं त्याच्या काखेचा वास घेतला, गूळबीळ आहे का बघायला. पुढच्या घोडीनं हाताकडं पाहिलंच नाही, चघळत राहिली. तिसरा मोरूची बाही चाटायला लागला. मोरू शेवटच्या घोड्यापर्यंत जाऊन परत आला तेव्हा रडत होता. मोडका दात, फुटका गाल, आणि हसतोय की रडतोय तेही धड कळेना.

त्यानं कोयरीला उतरवलं आणि करड्याशेजारी बांधलं. त्याला वाटलं असणार, आपली घोडीही या बाईला दाखवावी. "ही बगा, ताई," तो छाती फुगवून म्हणाला. "हिला पन जल्मात कुनी मारलेलं न्हाय." आणि त्यानं कोयरीसमोर हात उचलला. इतक्या तबेल्यांत घोड्यांची परीक्षा घेतली होती, पण कोयरीची ती पहिलीच.

कोयरीनं मान अशी मागे फेकली की दावं तुटलं. ती पत्र्यावर जाऊन आदळली आणि डोळे गच्च मिटून उभी राहिली. सगळ्या तबेल्यात घाबरलेली ती एकटीच होती.

मोरूनं पुन्हा हात उचलला, या वेळी अगदी सावकाश. तिनं पुन्हा मान मागे घेतली.

"दादा, हिला मारता तुम्ही?" कल्पितानं विचारलं.

"आईची आन घेऊन सांगतो, कदी बोट न्हाय लावलं."

"खरं बोलतोय तो," मी म्हटलं.

कल्पितानं त्याच्या गालाकडं पाहिलं, सोललेल्या बोटांकडं पाहिलं, मग कोयरीच्या गुडघ्यांकडं. "मग हिच्यासमोर कुणाला मारता?"

मोरूची मूठ वळली. आता या बाईलाही तो सोडत नाही असं वाटून मी छत्री घट्ट धरली. कोयरीनं ती मूठ पाहिली आणि तिच्या सगळ्या अंगावरून, खांद्यापासून शेपटीपर्यंत, थरथर धावत गेली. सुरूपाशी थरथरली होती तशीच. मोरूनं ते पाहिलं. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तिथंच लिदीत बसला.

"ठेवाल हिला?" त्यानं विचारलं.

"ठेवेन ना," कल्पिता म्हणाली. "राहू दे इथंच."

जाताना तो तिला हात न लावताच निघाला. तुरुंगात जेवणाच्या रांगेवरून एकानं त्याला बदडलं आणि आणखी दोन दात गेले. मोरूनं हात उचलला नाही, असं त्यानंच मला भेटीत सांगितलं. मला ते मुळीच आवडलं नाही. मी असते तर त्या माणसाला सोडला नसता, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं ठीक हाय. तुमच्याकडं घोडी न्हाय."

सुटल्यावर तो कोयरीला आणायला तळ्याला गेला तो अजून परत आलेला नाही. कल्पिताकडेच काम करतो, लीद काढतो, पाणी भरतो, करडा चावला की शिव्या देतो. मी सवड मिळेल त्या रविवारी जाऊन येते. दर खेपेला तो कोयरीसमोर उभा राहतो आणि एकदा, फक्त एकदा, हात उचलतो. मात्र हात उचलताना आता तो स्वतःच डोळे मिटून घेतो आणि बघायचं काम माझ्यावर टाकतो.

गेल्या रविवारी तसाच उभा राहिला, पडक्या दातांचं तोंड, मिटलेले डोळे, हात वर.

"मिटलं का डोळं तिनं, बाई?"

मी नीट पाहिलं. "मिटले," मी म्हटलं. "पण या वेळी मागे सरली नाही."

मोरूनं हात खाली घेतला. "म्हंजे अजून हितंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि लीद भरायला फावडं शोधायला लागला.