कोल्ह्यावर न उडवलेला बार

कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरापुढे रस्ता राज्याची सीमा ओलांडतो आणि मेंढ्यांची कुरणं सुरू होतात. महामारीच्या काळात आम्ही तिथे भाड्याच्या घरात राहत होतो. नवरा आतल्या खोलीत बसून एका सरकारी खात्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. मी पुण्यात बरीच वर्षं बातमीदारी केली होती. इथे मला काम नव्हतं. कुंपणापलीकडे एक म्हातारा शेतकरी एकटा राहायचा.

त्याची ओळख बदकांमुळे झाली. पश्चिमेकडच्या भातशेतीत पीक वाचवण्यासाठी बदकं मारायचा परवाना मिळतो, आणि तो दर वर्षी तिकडे जायचा. पहिल्या वर्षी दुकानांतली फडताळं रिकामी झाली तेव्हा त्याने फ्रीजरमधली दोन साफ केलेली बदकं आइस्क्रीमच्या डब्यात घालून आमच्या फाटकावर ठेवली. डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून मी त्यात बेसनाचे लाडू भरले. आठवड्याने तो डबा पुन्हा फाटकावर होता. आत काही नव्हतं.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"लाडू संपले," नवरा म्हणाला.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, इथल्या हिवाळ्याच्या शेवटी, त्याच्या मेंढ्या व्यायला लागल्या. दुष्काळात त्याने बराच कळप विकला होता आणि निवडक माद्या तेवढ्या ठेवल्या होत्या. यंदाची कोकरं जगली तर कळप पुन्हा उभा राहणार होता. नाही जगली तर जमीन विकायची, असं ब्रिस्बेनला राहणाऱ्या त्याच्या मुलीने फोनवर त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. हे त्याने कुंपणाशी उभं राहून, हवामान सांगावं तसं सांगितलं. पहिली जुळी कोकरं कोल्ह्याने नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

इथला कोल्हा मूळचा इथला नाही. गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेसाठी आणून सोडला आणि तो देशभर पसरला. आमच्या रस्त्याला घरं होती, आणि रायफलची गोळी फार लांब जाते. म्हणून म्हातारा बारा बोअरची दुनळी बंदूक वापरायचा, मोठ्या छर्‍यांची काडतुसं घालून. तिला कोल्हा जवळ यावा लागतो. त्यासाठी पत्र्याची एक चपटी शिट्टी असते. ती दातांत धरून वाजवली की जखमी सशाचं रडणं ऐकू येतं.

वाजवायचं काम त्याचा मेहुणा करायचा. तो टाळेबंदीमुळे कॅनबेरात, सीमेच्या त्या बाजूला अडकला होता. म्हाताऱ्याला नवी कवळी बसवली होती, तिच्यात शिट्टी टिकेना.

"तुझे दात खरे आहेत ना?" त्याने मला विचारलं.

जनावरांच्या देखभालीला नियमांत सूट होती. बंदुकीचा परवाना त्याचा, शिट्टी माझी. मी घरात सराव सुरू केला. नवरा मीटिंग म्यूट करून बाहेर आला. "क्लायंट विचारतोय, घरात कोण मरतंय?"

"ससा."

"मग त्याला लवकर मरू दे. अर्ध्या तासात डेमो आहे."

पहिल्या सकाळी गवतावर हिम होतं. म्हातारा आडव्या पडलेल्या झाडामागे बसला, मी बरीच पुढे, कुंपणाच्या खांबाशी. ओढा उजवीकडे. "मी फक्त ओढ्याच्या बाजूला बार काढणार," तो म्हणाला. "काहीही झालं तरी तू हलायचं नाहीस." मग त्याने नाक वर केलं. "डांबरगोळ्यांचा वास कुठून येतोय?"

वास माझ्या गळ्यातून येत होता. कापूर, ओवा आणि लवंग यांची पुरचुंडी. आई पुण्याहून रोज व्हिडिओवर ती दाखवायला लावायची. तेव्हा आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात अशी पुरचुंडी होती. "आईचं औषध," म्हणत मी ती जॅकेटच्या आत सरकवली आणि शिट्टी वाजवली.

कोल्हा ओढ्यातून वर आला, थांबला, वारा हुंगला आणि उजवीकडून यायचं सोडून मोठा वळसा घालून मागे गेला. मी मान वळवली तेव्हा तो माझ्या आणि म्हाताऱ्याच्या मधोमध उभा होता. तांबूस, शांत. त्याच्यापलीकडे दुनळीची दोन तोंडं. त्या अंतरावरून म्हाताऱ्याचा नेम चुकला नसता. पण छर्रे पसरतात, आणि त्याच रेषेत, कोल्ह्याच्या अलीकडे मी होते.

दुनळी खाली गेली. कोल्हा झाडीत निघून गेला.

म्हाताऱ्याने बंदूक मधून उघडून दोन्ही काडतुसं काढली आणि खिशात टाकली. "चहा घेऊ या, mate," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुरणात आणखी एक कोकरू कमी होतं. ते त्याने मला सांगितलं नाही. मी कुंपणावरून पाहिलं. संध्याकाळी मी विचारलं, उद्या येऊ का? तो म्हणाला, "ये. आईच्या डांबरगोळ्या घरी ठेव. आणि सारखी वाजवू नकोस. ससा मरतोय, भाषण देत नाहीये."

पुढच्या सकाळी मी थोडं वाजवलं आणि जास्त थांबले. कोल्हा ओढ्याच्या बाजूने सरळ आला. एकच बार झाला. म्हाताऱ्याने जवळ जाऊन तो पायाने उलटा करून पाहिला. मादी नव्हती, म्हणाला. तेवढं बरं झालं, बिळात पिल्लं उपाशी मरणार नाहीत.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी पुरचुंडी होती ना गळ्यात? म्हणूनच वाचलीस. त्या माणसालाही एक करून दे."

मी करून दिली. त्याने हुंगली, तोंड वाकडं केलं आणि कोकरांच्या कुरणाच्या तारेला बांधली. तिचा उपयोग झाला की नाही, सांगता येत नाही. त्या मोसमात त्या बाजूने कोल्हा आला नाही, एवढं खरं.

वसंतात त्याने कोकरांच्या कानांत बिल्ले घातले. मी फाटक धरून उभी होते. त्याच्या खिशातला फोन वाजला, त्याने हात पुसून स्पीकरवर टाकला. मुलीने विचारलं, "मग, बाबा?"

"विकत नाहीये," तो म्हणाला, आणि पुढचं कोकरू उचललं.

खाली घेतलेल्या त्या दुनळीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्या वर्षी डबा फाटकावर आला की मी लाडू झाकण लागेनासं होईपर्यंत भरायची.